क्षमतेची मोजपट्टी आणि निवडीचा हक्क

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजातील कौशल्य-विभागाच्या समितीने माझ्या हाती 22 पानांचा एक कागद दिला. सफाई कामगारांसाठी जो प्रशिक्षणवर्ग निघायचा होता, त्याचे ते 'कॉम्पिटन्सी मॉडेल'. मूळ इंग्रजी, मराठी कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेले. मी मराठीचा अध्यापक, तेव्हा भाषा तपासून द्यावी एवढीच अपेक्षा. "सर, फक्त शुद्धलेखन बघा," असे मला सांगण्यात आले.

माझे वडील एका नगरपालिकेत 31 वर्षे सफाई कामगार होते. हे समितीला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तो कागद त्यांनी मला दिला नसता, किंवा मग मोठ्या आग्रहाने दिला असता. दोन्हींपैकी काय अधिक वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शुद्धलेखन पाहता पाहता मी तो कागद वाचू लागलो. आम्हा साहित्याच्या माणसांना एक सवय जडलेली असते. समोर कविता असो, कादंबरी असो की सरकारी परिपत्रक असो, यात बोलतो कोण, कुणाशी बोलतो आणि कुणाला बोलू देत नाही, हे आम्ही शोधू लागतो. दलित साहित्याच्या समीक्षेने आम्हाला हेच शिकवले. मग ही समीक्षा आत्मकथने आणि कवितासंग्रह यांच्यापाशीच का थांबावी? आज आपल्या पोरांचे आयुष्य कवितासंग्रह ठरवीत नाहीत. ते असले कागद ठरवतात. म्हणून या कागदाची आणि त्यामागच्या विचाराची समीक्षा करावी असे मनात आले. प्रस्तुत लेख म्हणजे तो प्रयत्न होय.

प्रथम हे मॉडेल म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. एखादे काम चांगले करणाऱ्या माणसाला काय काय यावे लागते याची यादी करायची. त्याला काय माहीत हवे, हाताने काय करता यावे, वागणूक कशी असावी, हे तुकड्यातुकड्यांनी लिहून काढायचे. मग त्या यादीवरून माणसे निवडायची, शिकवायची, तपासायची आणि प्रमाणपत्र द्यायचे. मराठीत याला 'क्षमताप्रारूप' म्हणता येईल. आपल्याकडे 27 डिसेंबर 2013 रोजी राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला, आणि तेव्हापासून शिवणकामापासून संगणकापर्यंत शेकडो कामांची अशी प्रारूपे तयार झाली. प्रत्येक उद्योगाची कौशल्य परिषद ती लिहिते. कामाची प्रमाणके एका ठराविक वाक्याने सुरू होतात: सक्षम ठरण्यासाठी या व्यक्तीला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत. मग खाली क्रमांक.

या विचाराला आपल्यातील काही कार्यकर्ते सरसकट भांडवलशाहीची चाल म्हणून झटकून टाकतात. मला ते पटत नाही, कारण या विचाराच्या जन्माची हकीगत वेगळी आहे आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर येथे वीजनिर्मिती केंद्र होते. त्यात पाच खाती. काळ्या कामगारांना फक्त एकाच खात्यात घेत, त्याचे नाव 'लेबर'. झाडणे, पुसणे, ओझी वाहणे. त्या खात्यातील सर्वांत मोठा पगार हा इतर चार खात्यांतील सर्वांत लहान पगाराहूनही कमी असे. 2 जुलै 1965 रोजी नोकरीतील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा तेथे अमलात आला. कंपनीने उघड बंदी काढली, आणि नेमक्या त्याच दिवशी नवी अट घातली: बढतीच्या खात्यांत नव्याने यायचे तर शाळेची पदवी असली पाहिजे, शिवाय दोन लेखी बुद्धिचाचण्या पास झाल्या पाहिजेत. पदवी नसलेले गोरे कामगार त्या खात्यांत आधीपासून होते आणि त्यांचे काम व्यवस्थित चालले होते! विली ग्रिग्ज आणि त्याचे 12 काळे सोबती कोर्टात गेले. 8 मार्च 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा सारांश असा की, चाचणी लावायची तर ती त्या कामाशी निगडित असली पाहिजे. वरवर सर्वांना सारखी दिसणारी अट जर एका समाजाला बाहेर ठेवीत असेल आणि कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर ती चालणार नाही.

दोनच वर्षांनी, 1973 साली, हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यातून हे सारे कॉम्पिटन्सीशास्त्र निघाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बुद्धिमापनाच्या चाचण्या आणि शाळेतील गुण हे पुष्कळदा घरच्या सुस्थितीचेच माप देतात. पोलीस शिपाई व्हायचे तर शब्दांचे कोडे कशाला सोडवायला लावता? चांगला शिपाई प्रत्यक्षात काय करतो ते जाऊन पाहा आणि तेच तपासा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी पुढच्या मंडळींनी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. जे तपासणार ते कसे सुधारता येईल, हेही उघड करून सांगितले पाहिजे. म्हणजे परीक्षा हे गुपित असता कामा नये.

एका वर्गाने दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी 'गुणवत्ता' नावाचे कुंपण घातले होते. त्या कुंपणाला प्रश्न विचारणारे हत्यार म्हणून हा विचार पुढे आला. ग्रिग्जचा निकाल 1971 चा आणि आपल्याकडील दलित पँथरची स्थापना 1972 ची. पँथरने काळ्यांच्या लढ्याचे नाव घेतले, त्वेष घेतला, कवितेची भाषा घेतली. परंतु कामाच्या ठिकाणी मोजपट्टी कोणाची, हा जो बारीक आणि कंटाळवाणा प्रश्न ग्रिग्ज आणि त्याच्या सोबत्यांनी कित्येक वर्षे कोर्टात लढवला, त्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. हा दोष देत नाही. तेव्हा माणसे मारली जात होती. पण नोंद करून ठेवतो.

वास्तविक हा प्रश्न आपल्याला परका नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणाई खात्यात त्यांना मज्जाव होता. पगार विणाई खात्यात चांगला. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना विणकर दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेत. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर ओठाला कसा लावणार? 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला. मालकांइतकाच तो कामगारांच्या पुढाऱ्यांनाही अडचणीचा होता. डॅन रिव्हरच्या 'लेबर' खात्यात आणि परळच्या गिरणीत फरक एवढाच की तिथे कागदी चाचणी लावली आणि इथे थुंकी. दोरा ओढायला जे फुप्फुस लागते ते आमच्या माणसाजवळ होतेच की! कामाला जे लागते त्याच्याशी अटीचा काही संबंध नव्हता.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी 1936 साली पुस्तकरूपाने छापले. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला विचार आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. पण त्याच परिच्छेदात थोडे पुढे गेल्यावर बाबासाहेब 'कॉम्पिटन्सी' हाच इंग्रजी शब्द वापरतात. तेथे त्यांचा आशय असा की, समाजाची आणि व्यक्तीची कार्यक्षमता वाढवायची तर माणसाची शक्ती इतकी विकसित केली पाहिजे की आपला व्यवसाय आपण निवडण्याची आणि घडवण्याची पात्रता त्याच्या अंगी यावी. आणि जातिव्यवस्था याच्या नेमके उलट करते, कारण ती आईबापांच्या सामाजिक दर्जावरून काम आधीच नेमून ठेवते. हा विचार त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांच्या 1916 च्या शिक्षणविषयक ग्रंथातून आलेला आहे. ड्युईंनी तो लोकशाहीतील शिक्षणासाठी मांडला. बाबासाहेबांनी तो उचलून जातीच्या छातीवर ठेवला.

मी हा परिच्छेद विद्यार्थी असताना दहा वेळा वाचला असेल. हा शब्द मला दिसला नव्हता. हातातल्या त्या 22 पानांमुळे दिसला. बाबासाहेबांच्या लेखी कॉम्पिटन्सी म्हणजे काम निवडण्याची पात्रता. आजच्या प्रारूपात कॉम्पिटन्सी म्हणजे नेमून दिलेले काम करण्याची पात्रता. शब्द तोच, मध्ये सारा इतिहास उभा आहे.

आता प्रारूपांचे वरच्या आणि खालच्या नोकऱ्यांत काय होते ते निरनिराळे पाहावे लागेल, कारण ते एकसारखे होत नाही.

वरच्या नोकऱ्यांत झाले असे की, मॅक्लेलंडच्या नंतरच्या मंडळींनी हा विचार व्यवस्थापकांच्या निवडीसाठी वाढवला. 1982 साली रिचर्ड बोयाट्झिस यांचा ग्रंथ आला, 1993 साली स्पेन्सर पतिपत्नींचा. त्यांनी हिमनगाचे चित्र लोकप्रिय केले: ज्ञान आणि कौशल्य हे पाण्यावर दिसणारे टोक; स्वभाव, प्रेरणा आणि स्वतःविषयीची प्रतिमा हे पाण्याखालचे, आणि खरे महत्त्व त्याचे. शास्त्र म्हणून यात तथ्य असेलही. पण पाण्याखाली काय आहे हे ठरवणार कोण? पाण्यावरचे मोजायला निदान फूटपट्टी लागते. पाण्याखालचे मोजायला समोर बसलेल्या साहेबाची नजर पुरते.

आमच्या कॉलेजात दोन वर्षांपूर्वी एक कंपनी नोकरभरतीसाठी आली होती. माझी एक विद्यार्थिनी, बी.कॉम. प्रथम वर्गात, हिशेबात पक्की, लेखी परीक्षेत तिसरी आली. मुलाखतीत गेली आणि नापास झाली. चौकशी केली तेव्हा त्या अधिकाऱ्याने मला सौजन्याने तक्ताच दाखवला. 'संवादकौशल्य' दोन, 'आत्मविश्वास' दोन, 'संस्थेच्या संस्कृतीशी मेळ' एक. पाचांपैकी. मी विचारले, "एक कशावरून?" तो म्हणाला, "सर, ते जाणवतं." बिचारा खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर जाणवले असणार! ती मुलगी वाकून बसते, प्रश्न पुरा ऐकल्याशिवाय उत्तर देत नाही, आणि वडील काय करतात असे विचारल्यावर क्षणभर थांबते. या थांबण्याचे गुण पाचांपैकी एक.

हे माझे एकट्याचे रडगाणे नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले, आणि 2007 साली निष्कर्ष छापले. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ते अधिकारी जात मानत नाहीत असे सांगत, गुणवत्तेचा जप करीत, आणि उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' पाहणे मात्र अगदी स्वाभाविक मानीत. म्हणजे ग्रिग्जने ज्या चाचणीला कोर्टात खेचले ती मागच्या दाराने हिमनगाच्या तळाशी येऊन बसली. कामाशी संबंध दाखवा, असे कोणी विचारीत नाही. मॅक्लेलंडने सांगितलेली दुसरी अट, म्हणजे हे कसे सुधारायचे ते सांगा, ती तर कुणी पाळीतच नाही. 'संस्कृतीशी मेळ' कसा सुधारावा? आडनाव बदलून?

खालच्या कामांत याउलट घडते. तेथे पाण्याखाली कोणी पाहतच नाही. कामगाराला स्वभाव, प्रेरणा, स्वतःची प्रतिमा असते हेच तिथे गृहीत नाही.

2013 च्या मूळ आराखड्यात दहा पायऱ्या होत्या. 2023 साली त्यांची फेररचना होऊन आठ झाल्या. प्रत्येक पायरीवरच्या माणसाचे वर्णन पाच स्तंभांत केलेले होते, त्यात शेवटचा स्तंभ जबाबदारीचा. पहिल्या पायरीपुढे तिथे काय लिहिले होते? जबाबदारी नाही, सतत सूचनांखाली आणि जवळच्या देखरेखीखाली काम करतो. दुसऱ्या पायरीवरही जबाबदारी नाहीच. त्याच पहिल्या पायरीच्या माणसाला मूलभूत कौशल्य म्हणून लिहिणेवाचणे, बेरीजवजाबाकी, स्वच्छता, आणि सामाजिक व धार्मिक विविधतेची ओळख असावी असेही म्हटले होते. गावकुसाबाहेर ठेवून ज्याला ही विविधता पिढ्यान् पिढ्या समजावून दिली गेली, त्याला तिची ओळख!

जबाबदारी नाही, हे वाक्य मी आबांना वाचून दाखवले. आबा म्हणजे माझे वडील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी भरलं की घरी मानूस कुनाच्या यायचं रं? रातच्या दोन वाजता?"

गटाराचे झाकण उघडल्यावर आबा लगेच खाली वाकत नसत. बाजूला उभे राहून थांबत. कडेला झुरळे हलताना दिसली तर आत थोडी हवा आहे असे धरीत; झुरळ नाही, उंदीर नाही, सगळे सामसूम, म्हणजे माणसाने लांब राहायचे. आणि वासाबद्दल त्यांचे एक सूत्र होते: सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर भिऊ नये, वास यायचा बंद झाला की पळावे. पुढे माझ्या एका रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने मला सांगितले की हायड्रोजन सल्फाइड वायू वाढत गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. आबांच्या सूत्राचा दुसरा भाग शास्त्रशुद्ध आहे. मोजण्याचे यंत्र हाताशी नसताना जीव वाचवणारे हे ज्ञान त्यांनी कुठे शिकले? त्यांच्या एका सोबत्याला बाहेर काढताना.

या ज्ञानाला त्या 22 पानांत जागा नाही. हातमोजे घालावेत, गणवेश नीटनेटका ठेवावा, नागरिकांशी नम्रपणे बोलावे, वरिष्ठांना कळवावे, एवढे आहे. 'कळवावे' हे क्रियापद त्यात मी 14 वेळा मोजले. 'नकार द्यावा' हे क्रियापद एकदाही नाही. यंत्र आले नाही, वायू मोजला नाही, दोरी धरायला माणूस नाही, तर आत उतरण्यास नकार देणे ही या कामातील सर्वांत मोठी क्षमता नव्हे काय? कायदाही तेच सांगतो. हाताने मैला वाहण्याच्या कामावर बंदी घालणारा आणि संरक्षणाविना गटारात माणूस उतरवण्यास मनाई करणारा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. कौशल्य आराखडा निघाला त्याच महिन्याच्या 27 तारखेला. तीन आठवड्यांचे अंतर. पण दोन्ही कागद एकमेकांशी बोलल्याचे माझ्या हातातल्या प्रारूपावरून तरी दिसले नाही. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले, 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत न्यायालयाला वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे चालू आहेत.

आबांनी आणखी एक प्रश्न केला आणि तो मला या साऱ्या समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. कागद उलटसुलट करून ते म्हणाले, "ह्यात मुकादमाला काय यायला पायजे ते कुठं हाय? आन् इंजनेर सायबाला? ठेकेदाराला?"

नाही. ठेकेदाराला माणसे मेल्याशिवाय गटार साफ करवता आले पाहिजे, असे प्रमाणक मला कुठे आढळले नाही. मोठ्या अधिकाऱ्यांसाठी क्षमताप्रारूप नाही असे नाही. 2020 साली मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीत सनदी नोकरांच्या भूमिका, कृती आणि क्षमता यांची मांडणी आहे, नियमांकडून भूमिकांकडे जाण्याची मोठी भाषा आहे. अधिकाऱ्याची क्षमता त्याला वाढवण्यासाठी लिहिली जाते. कामगाराची क्षमता लिहिली म्हणजे अपघात झाल्यावर 'कामगार अप्रशिक्षित होता' असे म्हणायला जागा होते. एकाला प्रारूप म्हणजे शिडी, दुसऱ्याला पंचनामा.

या पार्श्वभूमीवर 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेकडे पाहिले पाहिजे. 18 पारंपरिक व्यवसाय, त्यांत चर्मकार आहेत, टोपल्या, चटया, झाडू करणारे आहेत, परीट, न्हावी, कुंभार आहेत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये, कमी व्याजाचे कर्ज, ओळखपत्र. या गोष्टी वाईट नाहीत. माझ्या मावसभावाला ती अवजारे मिळाली तर मला आनंदच होईल. पण योजनेच्या उद्दिष्टांतच गुरुशिष्यपरंपरा आणि कुटुंबाधारित कौशल्ये बळकट करण्याचे सांगितले आहे. कुटुंबाधारित! आईबापांच्या दर्जावरून काम, हेच ना ते? तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राला पत्र लिहून ही कुटुंबाची अट काढा आणि किमान वय 18 ऐवजी 35 करा, अशी मागणी केली. आहे त्या स्वरूपात योजना राबवणार नाही म्हणून कळवले. वयाच्या मागणीतले शहाणपण ध्यानात घ्या. 35 व्या वर्षी माणसाने निवड केलेली असते. 18 व्या वर्षी आपण त्याला बापाच्या ऐरणीपाशी बसवतो. तामिळनाडूला ही दृष्टी आपोआप आली नाही. 1953 साली राजगोपालाचारींनी तिथे मुलांना अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ आईबापांचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांच्या चळवळीने तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून झोडपले, आणि 1954 साली कामराज आल्यावर ती गेली. आपल्या महाराष्ट्रात, जिथे बाबासाहेबांनी 1928 सालीच महारवतनाविरुद्ध विधेयक आणले, तिथे 2023 च्या योजनेवर किती परिसंवाद झाले?

माझे एक स्नेही, युनियनमध्ये काम करणारे, या माझ्या मांडणीवर रागावले. ते म्हणाले, "तुम्ही प्राध्यापक झालात म्हणून तुम्हाला निवडीच्या गोष्टी सुचतात. ज्याने वीस वर्षे हातोडी मारली त्याच्याजवळ कागद नाही. पूर्वज्ञानाला मान्यता देऊन सरकार कागद देतेय, तर तो घेऊ द्या. त्या कागदावर परदेशातही काम मिळेल." त्यांचे म्हणणे मला टाकून देता येत नाही. कौशल्याला नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या साहित्याने तरी दुसरे काय केले? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (1980) फोकाच्या टोपल्या वळणारे हात आहेत. उर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' (2003) हेच नाव दिले, आईच्या बांबूकामावरून. ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्या बोटांतले शास्त्र या पुस्तकांनी मराठी वाचकाला दाखवले. कुठल्याही कौशल्य परिषदेच्या आधी. परंतु ही पुस्तके लिहिणारी माणसे टोपली वळीत बसली नाहीत, हेही त्याच पुस्तकांत आहे. कौशल्याचा मान राखून त्यातून बाहेर पडण्याचा हक्क त्यांनी घेतला. मान आणि वाट, दोन्ही. प्रमाणपत्र फक्त पहिल्याचे मिळते, आणि तेही पहिल्या-दुसऱ्या पायरीचे. आबांना कागद मिळाला असता तरी तो 'जबाबदारी नाही' असाच मिळाला असता.

स्नेह्यांनी शेवटी जो प्रश्न विचारला तो मात्र माझ्या घरात येऊन बसला आहे. "मग लाड-पागे समितीचे काय करता?"

वाचकांना ठाऊक आहेच, महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. 2023 च्या शासननिर्णयाने ती तरतूद पुन्हा मांडली. आपल्या संघटनांनी ती टिकवण्यासाठी मोर्चे काढले आहेत, मीही त्यांत चाललो आहे. ठेकेदारीच्या काळात कायम नोकरी, निवृत्तिवेतन, दवाखाना, यांचा दुसरा दरवाजा आमच्या वस्तीला उघडाच नाही. आणि तरीही ही तरतूद म्हणजे बापाचे काम पोराला. बाबासाहेबांच्या त्या परिच्छेदापुढे ती धरली की मला मान वर करता येत नाही. जे विश्वकर्मा योजनेला म्हणतो ते इथे का म्हणत नाही, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर एकच: तिथे 500 रुपये रोज आणि सात दिवस आहेत, इथे निदान पगाराचा आकडा माणसाचा आहे. हे उत्तर तात्त्विक नाही. भुकेचे आहे.

माझा धाकटा भाऊ बी.कॉम. झाला. तीन वर्षे त्याने परीक्षा दिल्या, दोन मुलाखती दिल्या. 'मेळ' त्याचाही बसला नाही. आबा निवृत्त झाल्यावर वारस म्हणून त्याने अर्ज केला. मी त्याला नको म्हणालो नाही. हो असेही म्हणालो नाही. आईने विचारले, "तू का गप हाईस?" तेव्हा मी कॉलेजच्या पेपरांचे निमित्त सांगून उठलो.

तो 22 पानांचा कागद मी समितीला परत केला आहे. शुद्धलेखन दुरुस्त केले. समासात पेन्सिलीने तीन जागी लिहिले. पहिल्या पानावर: हे प्रारूप लिहिताना किती सफाई कामगारांना विचारले? अकराव्या पानावर, 'कळवावे'च्या शेजारी: आणि कळवूनही साधने आली नाहीत तर? शेवटच्या पानावर: यानंतरची पायरी कोणती, तिथे जायला किती दिवस आणि किती रजा? समितीचे उत्तर अद्याप नाही. वर्ग मात्र ठरल्याप्रमाणे सुरू होतोय, आणि पहिल्या तुकडीच्या यादीत 17 व्या क्रमांकावर माझ्या भावाचे नाव आहे. त्याची नेमणूक झाली. रुजू होण्यापूर्वी हे प्रशिक्षण त्याला सक्तीचे आहे. भाषेच्या तासाला मी जावे असे विभागप्रमुख म्हणतात.